मतमोजणी शेजाऱ्यांच्या हाती दिली तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका पक्षाची राजवट जाऊन लोकशाही येते म्हणजे नेमके काय बदलते, हे पाहायचे तर मेक्सिकोतले मतदान केंद्र पाहावे. १९२९ साली स्थापन झालेला पक्ष (पुढे त्याचेच नाव पीआरआय झाले) तिथे सलग ७१ वर्षे सत्तेवर होता. निवडणुका ठरल्या वेळी होत, विरोधी उमेदवार उभे राहत. तरीही निकाल आधीच ठरलेला असे, कारण निवडणुकीची सगळी यंत्रणा गृहमंत्र्यांच्या ताब्यात होती.

लबाडीच्या प्रत्येक प्रकाराला तिथे नाव आहे. मतदानाआधीच भरून आणलेली ती ‘गर्भार पेटी’. मतपत्रिकांची गुंडाळी एकदम पेटीत सरकवली की तो ‘टाको’ (सारण भरून दुमडलेली तिथली पोळी). विरोधकांच्या वस्तीतल्या मतदाराला ‘तुमचं नाव इथं नाही, पलीकडे बघा’ म्हणत दिवसभर हिंडवायचे, तो ‘वेडा उंदीर’. १९८८ च्या जुलैत तर मोजणी सुरू असतानाच संगणक यंत्रणा बंद पडल्याचे सांगितले गेले, आणि नंतर पीआरआयचे उमेदवार कार्लोस सालिनास विजयी जाहीर झाले. त्या मतपत्रिका संसदेच्या तळघरात ठेवल्या होत्या. पुढे त्या जाळण्यात आल्या.

सुधारणा झाली ती या एकेका युक्तीला बांध घालत. १९९० मध्ये निवडणूक संस्था स्थापन झाली, पाठोपाठ नवी मतदार यादी आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र आले. १९९६ मध्ये गृहमंत्र्यांना संस्थेबाहेर काढण्यात आले आणि संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने दोन तृतीयांश मतांनी निवडलेले नऊ सदस्य तिथे बसले. पक्षांना सरकारी निधी मिळू लागला: ३० टक्के सर्वांना समान, ७० टक्के मागच्या मतांच्या प्रमाणात. पुढच्याच वर्षी पीआरआयचे सभागृहातले बहुमत गेले.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती केंद्रावरची माणसे निवडायची पद्धत. आपल्याकडे हे काम शिक्षक आणि सरकारी कर्मचारी करतात. तिथे सरकारी नोकर म्हणजे पक्षाचाच माणूस, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. म्हणून जन्ममहिन्याची चिठ्ठी काढून त्या भागातल्या १० टक्के (२०१४ पासून १३ टक्के) मतदारांना बोलावतात, प्रशिक्षण देतात आणि त्यांतून प्रत्येक केंद्रासाठी सात जण घेतात: अध्यक्ष, सचिव, दोन मोजणीदार, तीन राखीव. सकाळी कोणी आले नाही तर रांगेतल्या मतदाराला बसवतात, मात्र पक्षाच्या प्रतिनिधीला नाही. एका केंद्रावर जास्तीत जास्त ७५० मतदार. पेटी पारदर्शक, मोजणी संध्याकाळी तिथेच, पत्रकाची प्रत प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीला, आणि निकाल केंद्राबाहेर चिकटवलेला. २ जुलै २००० रोजी अशा एक लाख तेरा हजारांहून अधिक केंद्रांवर मोजणी झाली. त्याच रात्री राष्ट्राध्यक्ष झेदिय्यो यांनी दूरचित्रवाणीवरून विरोधी उमेदवार विसेंते फॉक्स यांचा विजय मान्य केला.

या पद्धतीतही एक कच्चा दुवा आहे. दिवसभर राबलेली नवखी माणसे रात्री आकडे भरतात, तेव्हा बेरजा चुकतात. पहिल्या दोन उमेदवारांतला फरक मोठा असेल तर कोणी लक्ष देत नाही. २००६ मध्ये तो ०.५६ टक्के होता आणि पराभूत उमेदवार लोपेस ओब्रादोर यांना त्या प्रत्येक चुकीत कारस्थान दिसले. त्यांच्या समर्थकांनी राजधानीचा मुख्य रस्ता कित्येक आठवडे अडवून धरला. या अविश्वासाचे मूळ २००३ मध्ये आहे. त्या वर्षी संस्थेचे नवे सदस्य दोन मोठ्या पक्षांनी आपसांत ठरवले आणि ओब्रादोर यांच्या पक्षाला बाजूला ठेवले. दोन तृतीयांशांची अट पुरी झाली, पण तिसऱ्या पक्षासाठी पंच आपले राहिले नाहीत.

आपल्या २०२३ च्या कायद्याने निवडणूक आयुक्त निवडणाऱ्या समितीत तिघे असतात: पंतप्रधान, त्यांनी नेमलेला मंत्री आणि विरोधी पक्षनेता. म्हणजे विरोधी पक्षनेत्याच्या संमतीवाचून नेमणूक होऊ शकते. या तरतुदीचा संसदेने फेरविचार करावा, असे मला मनापासून वाटते. मेक्सिकोनेही २००६ च्या अनुभवानंतर नियम बदलले आणि फेरमोजणी सोपी केली. बाद मते पहिल्या दोघांतील फरकापेक्षा जास्त असली की त्या केंद्राची पेटी उघडायचीच. २०१२ साली निम्म्याहून अधिक केंद्रांची मते पुन्हा मोजण्यात आली.

आपला,
राज्यशास्त्राचा एक अभ्यासक, पुणे