अण्णांच्या त्या रात्रीबद्दल

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

"मी अण्णांना अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन झोपवलं नसतं तर..." तुझं हे वाक्य रविवारपासून माझ्या डोक्यातून जात नाही. त्या पहाटे अण्णा हार्ट अटॅकने गेले ते तुझ्यामुळेच, असं तू धरून बसलायस. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. सावकाश वाच. पटलं नाही तर खुशाल भांड.

अण्णांना बरीच वर्षं मधुमेह होता. मधुमेहाने नसा अधू झाल्या की हार्ट अटॅकमध्येही छातीत जोराची कळ येईलच असं नसतं. कुणाला नुसता दम लागतो, कुणाला मळमळतं, कुणाला जळजळतं. अण्णा स्वतःच म्हणाले होते ना, "रात्रीचे वडे बाधले"? याआधी त्याच गोळीने त्यांना कितीदा बरं वाटलं होतं. मग त्या रात्री तुला वेगळं काय सुचायला हवं होतं?

बारुख फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना इंग्रज आणि गुरख्यांच्या लढाईची हकिगत वाचायला दिली आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे शेवट सांगितले. ज्यांना जो शेवट सांगितला, त्यांना तोच होण्याची शक्यता जास्त वाटली. तुझंही तेच चाललंय रे. पहाटे काय झालं हे माहीत असलेला तू, ते माहीत नसलेल्या तुला रोज आरोपी करून उभा करतोस. हा अन्याय आहे. गोळीसाठी क्षमा मागायची गरजच नाही, कारण तो गुन्हा नव्हता.

अबोल्याचं मात्र वेगळं आहे. प्लॉटवरून तू त्यांच्याशी कित्येक दिवस धड बोलला नव्हतास, हे तू फोन ठेवता ठेवता हळूच सांगितलंस. खरं दुखणं तेच आहे असं मला वाटतं. तिथे "जाऊ दे, विसर" असं मी म्हणणार नाही. तो अबोला चुकलाच. स्वतःला क्षमा करायची ती इथे, आणि ती चूक मान्य केल्यावरच करता येते. अल्बर्ट एलिस हे मानसोपचारतज्ज्ञ सांगायचे की कृतीला वाईट म्हणा, अख्ख्या माणसावर शिक्का मारू नका. "मी अबोला धरला" हे खरं. "मी नालायक मुलगा" हे कुठून आलं? त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रजा काढून दवाखान्यात थांबलेला मुलगा कोण होता मग?

अण्णांना आता काही सांगता येणार नाही, हे कायमचंच. पण काकूंना सांगता येईल. कोण जाणे, "मी रात्री उठून का पाहिलं नाही" हे त्याही मनात घेऊन बसल्या असतील. आणि प्लॉटचा विषय धाकट्याशी बोलून मिटव. अण्णांना तेच हवं होतं.

आता तुझ्या त्या सकारात्मक वाक्यांबद्दल. आरशासमोर "मी स्वतःवर मनापासून प्रेम करतो" म्हटलं की जास्तच रडू येतं म्हणालास. त्यात तुझं काही बिघडलेलं नाही. जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेच नोंदवलं: ज्यांना स्वतःबद्दल मुळातच कमी वाटतं, त्यांना "मी प्रेम करण्याजोगा आहे" असं घोकून आणखी वाईट वाटलं. मन लगेच उलटतपासणी घेतं. म्हणून मनाला खोडता येणार नाही असं वाक्य निवड. मी दोन लिहून देतो, तुझ्या शब्दांत बदलून घे:

"त्या रात्री मला जेवढं कळत होतं, तेवढ्यात मी अण्णांची काळजी घेतली."

"अबोल्याचं मला वाईट वाटतं, आणि घरच्यांशी मी आता मोकळं बोलणार आहे."

दिवे मालवल्यावर तो विचार येतो म्हणालास, तेव्हाच म्हण. घाईने नको. पहिले काही दिवस कोरडं वाटेल, तरी सोडू नकोस. आणि झोप, जेवण असंच उडालेलं राहिलं तर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन कर. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी आहेच, पण या कामात जाणत्या माणसाची मदत वेगळी.

शनिवारी येतोय. काकूंजवळ विषय काढणं एकट्याला जड गेलं तर मी शेजारी बसेन. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
जुना बाकमित्र