'सलाईनमधून द्या' म्हणजे नेमके कशातून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काळ्या बुरशीच्या बातम्यांत 'ॲम्फोटेरिसिनचे इंजेक्शन' एवढेच छापले जाते. २०२१ च्या तुटवड्यात नातेवाईकही एवढेच लिहिलेली चिठ्ठी घेऊन दुकाने पालथी घालत होते. पण या नावाने साधे आणि लायपोसोमल अशी दोन औषधे मिळतात (लिपिड कॉम्प्लेक्स हा तिसरा प्रकार, तो इथे बाजूला ठेवू). दोन्ही ५० मिलिग्रॅमच्या कुपीत, दोन्हींची पूड पिवळी. फरक औषधासोबतच्या स्निग्ध रेणूंचा आहे, आणि त्यात गल्लत झाली तर ती जिवावर बेतते.

मूळ औषध एकच. ते बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटते, पटल गळू लागते, आतले पोटॅशियम बाहेर पडते. आपल्या पेशीपटलात त्या जागी कोलेस्टेरॉल असते. ते अर्गोस्टेरॉलचे सख्खे भावंड, म्हणून औषध थोडेफार त्यालाही धरते आणि झळ बसते मुख्यतः मूत्रपिंडाला. साध्या प्रकारात औषध डिऑक्सिकोलेट या पित्तक्षाराच्या आधाराने पाण्यात उतरवलेले असते. रक्तात गेल्यावर हा आधार फार काळ टिकत नाही.

लायपोसोमल प्रकारात मात्र औषध १०० नॅनोमीटरहून लहान पोकळ गोळ्यांच्या भिंतीत रोवलेले असते. ही भिंत पेशीपटलासारखीच दुपदरी. मूळ उत्पादनात ५० मिलिग्रॅम औषधामागे सुमारे २१३ मिलिग्रॅम हायड्रोजनेटेड सोया फॉस्फॅटिडिलकोलीन, ८४ मिलिग्रॅम डायस्टिअरॉइल फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आणि ५२ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. नावे लांबलचक असली तरी रसायन स्वयंपाकघरातले आहे. तेलाचे वनस्पती तूप करताना जे घडते तेच इथे पहिल्या घटकाचे, म्हणजे सोया लेसिथिनचे, केलेले असते. हायड्रोजन जोडला की रेणूंच्या वाकड्या शेपट्या सरळ होतात आणि दाटीने उभ्या राहतात. हा थर वितळायला ५० अंशांहून जास्त तापमान लागते, म्हणून ३७ अंशांच्या रक्तात भिंत घट्ट राहते. दुसऱ्या घटकावर ऋण भार असतो. औषधाच्या अमिनो गटावरच्या धन भाराशी त्याची जोडी जमते आणि औषध भिंतीतून निसटत नाही.

त्यामुळेच मात्रेत एवढी तफावत आहे. साधे औषध रोज किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम, कोणत्याही परिस्थितीत दीडच्या वर नाही. लायपोसोमल किलोमागे ५. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला एकाचे ६० मिलिग्रॅम तर दुसऱ्याचे ३००, म्हणजे सहा कुप्या. लायपोसोमलच्या हिशेबाने साधे दिले तर हृदय आणि श्वास बंद पडू शकतो. उलट झाले तर उपचार चालू असल्याचे वाटत राहते आणि बुरशी डोळ्याकडे सरकते.

आता सलाईन. आपल्याकडे खांबावर टांगलेली कुठलीही बाटली 'सलाईन'च. पण या औषधाला मिठाचे पाणी चालत नाही. मिठातले आयन गोळ्यांवरचा भार झाकून टाकतात, एकमेकींना दूर लोटणाऱ्या गोळ्या चिकटतात आणि साका बसतो. म्हणून लायपोसोमलच्या प्रत्येक कुपीत १२ मिलिलिटर इंजेक्शनचे निर्जंतुक पाणी एकदम घालायचे, लगेच ३० सेकंद जोरात हलवायचे (इथे हलक्या हाताचा उपयोग नाही, गुठळ्या राहतात), कुपीसोबतच्या ५ मायक्रॉन गाळणीतून काढायचे आणि ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचे. अंतिम तीव्रता मिलिलिटरला १ ते २ मिलिग्रॅम, देण्याचा वेळ सुमारे दोन तास.

चूक होते ती दोन ठिकाणी, आणि दोन्हीकडे हेतू चांगलाच असतो. मूत्रपिंड जपायला आधी मिठाचे पाणी चढवतात आणि त्याच नळीतून औषध सुरू करतात. मधे नळी डेक्स्ट्रोजने धुवायला हवी, नाहीतर वेगळी घ्यायला हवी. दुसरे, हे रुग्ण बहुधा मधुमेही, म्हणून 'साखर नको' म्हणत डेक्स्ट्रोजची बाटली बदलली जाते. वरच्या ३०० मिलिग्रॅमसाठी डेक्स्ट्रोज लागते ७५ ते २२५ मिलिलिटर, म्हणजे साखर ४ ते ११ ग्रॅम. तेवढी इन्सुलिनच्या हिशेबात धरता येते. साका बसलेले औषध परत विरघळत नाही.

पाणी घातलेली कुपी गोठवायचीही नाही, बर्फाचे स्फटिक भिंत फोडतात. फ्रीजच्या बर्फकप्प्याला टेकवून ठेवलेले औषध बाहेरून ठीक दिसेल, पण वापरू नये.

आपल्या दैनिकाने यापुढे औषधाचे नाव 'लायपोसोमल' किंवा 'साधे' या शब्दासह पूर्ण छापावे, ही विनंती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि औषधभांडाराच्या वहीतही तो शब्द हवा. आणि रुग्णाजवळ बसणाऱ्यांनी बाटलीकडे एकदा पाहावे: नीट तयार झालेले लायपोसोमल औषध पिवळसर, किंचित धूसर पण एकसारखे दिसते. त्यात कण तरंगताना दिसले तर परिचारिकेला लगेच हाक मारावी.

आपला,
औषधनिर्माणशास्त्राचा एक अध्यापक, नागपूर