मन्या, जोडीतलं तुझं तिकीट कुठे आहे?

प्राग, रविवार रात्र

प्रिय मन्या,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही. हव्या तेवढ्या शिव्या घाल. गुडघा बरा आहे. पण आज जे झालं ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

अण्णांच्या वहीतली ती पोस्टाच्या तिकिटांची निळसर हिरवी जोडी आठवते? २० हालेरची, म्हणजे इथल्या पैशांची. माडीवर वाटणीला बसलो होतो. दोन तिकिटं चिकटलेली, मध्ये फाडायची भोकंच नाहीत. ‘एक तुला, एक मला’ म्हणत तूच अण्णांचं दाढीचं ब्लेड आणलंस. डावं माझ्याकडे आलं. ते इथे येतानाही पाकिटात होतं.

आज तिकिटांच्या बाजारात एका आजोबांना ते दाखवलं. त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि एकच विचारलं, ‘आणि ह्याचा शेजारी?’

मन्या, माझ्या पोटात गोळा आला.

ही ह्राडचानी मालिका, म्हणजे प्रागच्या किल्ल्याची, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाची पहिली. देश जन्मला २८ ऑक्टोबर १९१८ ला, पहिली तिकिटं आली १८ डिसेंबरला. चित्र अल्फोन्स मुखा ह्या चित्रकाराचं. एका तावात शंभर तिकिटं, दहा आडव्या ओळी, दहा उभ्या रांगा. दिसायला सगळी सारखी, पण नक्षीतल्या वेटोळ्यांची वळणं सगळीकडे एक नाहीत. ह्या वळणांवरून प्रकार पाडलेत, आणि दोन वेगळे प्रकार शेजारी जोडलेले सापडले की इथली माणसं अक्षरशः श्वास रोखतात. एखादा ओरखडा, तुटलेली रेघ छपाईत पुन्हा पुन्हा त्याच जागी उमटते. त्यावरून कुठलं तिकीट तावात कुठे होतं ते ठरवत लोक वर्षानुवर्षं अख्खा ताव पुन्हा जुळवतात. त्यात जोडी हा पुरावा. सुटी दोन काय, कुणीही शेजारी मांडेल.

म्हणजे तुझ्या तिकिटावरचं वेटोळं वेगळं असेल, तर समान वाटणीच्या नावाखाली आपण काय कापलं!

किमतीचं मला काही नाही. जोडी साठ-सत्तर वर्षं कुणीतरी जपून अण्णांपर्यंत पोचवली आणि आपण दुपारच्या चहाच्या आत ती संपवली, हे जात नाही मनातून. अण्णा आपल्याला काहीच बोलले नव्हते. त्यांना माहीत असेल का रे?

तिकिटावरचा तुझा तो सूर्यही आठवला. किल्ल्यामागे तो मावळतोय असं तू, उगवतोय असं मी, आणि आठ दिवस अबोला. ऐक, सूर्य तिथून उगवतच नाही अशी तेव्हा इथे टीका झाली, आणि नंतरच्या चित्रांतून तो काढूनच टाकला! आता भांडण मिटलं म्हणायचं का?

मीराची ॲडमिशन झाली हे ताईकडून कळलं, फार बरं वाटलं. घराचं काय झालं ते लिही. वहिनींना नमस्कार.

पण आधी तिकीट शोध. लोखंडी पेटीत, नाहीतर तुझ्या भूमितीच्या पुस्तकात असेल. पाण्यात घालू नकोस, टेप लावू नकोस, पोस्टाने पाठवू नकोस. डावी कड बघ. खाली ब्लेड घसरलं होतं, तुझ्या बोटाला रक्त आलं होतं. माझ्या तिकिटाची उजवी कड तिथे आत गेली आहे, म्हणजे तुझी तेवढीच बाहेर आलेली असणार. आजोबा म्हणाले, कड कडेला बसली तर निदान शेजार तरी सिद्ध होईल.

वेटोळ्याचा जवळून फोटो काढ, उजेडात. मी जागा आहे.

तुझा,
बाळ्या