पिशवी (गर्भाशय) काढण्याआधी कोणते कागद हातात हवेत?

महोदय,

दसरा झाला की मराठवाड्यातल्या वाड्या-तांड्यांवरून कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, साखर कारखान्यांकडे निघतात. त्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत ‘एकदाची पिशवी काढून टाकू, हंगामात कटकट नको’ हे बोलणं घराघरांत सुरू होतं. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण शंभरात साधारण तीन आहे. वयोगट तंतोतंत जुळत नाहीत हे मान्य, पण त्याने एवढी दरी भरून निघत नाही.

खाड्याचं, म्हणजे गैरहजेरीच्या दंडाचं, कारण आता सर्वांना ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली, आणि पाळीत एक दिवस झोपून काढला तरी खाडा लागतो. यावर बरंच लिहून झालं. तपासणीच्या टेबलावर नेमकं काय सांगितलं जातं, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही आणि निर्णय तर तिथेच होतो.

बाई जाते ती बहुधा अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात किंवा कंबरेत दुखतं म्हणून. सोनोग्राफीत ‘बल्की युटेरस’, म्हणजे थोडं मोठं गर्भाशय, असं येतं आणि तिला सांगतात, पिशवीला सूज आहे. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय आठ-नऊ सेंटिमीटर लांब असणं ही नेहमीची गोष्ट आहे. ‘नॅबोथियन सिस्ट’ म्हणजे गर्भाशयमुखावरच्या बारीक ग्रंथींची तोंडं बंद होऊन आत साचलेला चिकट द्रव. त्याला उपचार लागत नाही. ‘इरोजन’चं भाषांतर ‘पिशवीला जखम’ असं होतं, पण तिथे जखम नसते, आतलं लालसर अस्तर मुखावर दिसत असतं एवढंच. यातल्या कशाचाही अर्थ कॅन्सर नाही. तरी ‘आज काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल’ हे वाक्य ठरलेलं असतं, आणि त्यानंतर घरातलं कुणीच दुसरा प्रश्न विचारत नाही.

पांढरं जाणं हा बहुतेक वेळा योनीमार्गाचा जंतुसंसर्ग असतो. पिशवी काढली तरी योनीमार्ग जागेवरच राहतो, म्हणून ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी त्याच बायका तीच तक्रार घेऊन येतात. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आणि जननमार्गाच्या संसर्गावर उपचार करणारा विभाग) यासाठी हिरव्या रंगाचं किट फुकट मिळतं. ओटीपोट दुखत असेल, ताप असेल तर पिवळं किट, आणि त्यातल्या चौदा दिवसांच्या गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. काही प्रकारच्या संसर्गात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. तो येत नाही, संसर्ग परत होतो आणि खापर पिशवीवर फुटतं. कंबरदुखीचं तर विचारूच नका. दिवसभर वाकून तोडणी आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॅक्टर भरणं, यात गर्भाशयाचा काय दोष?

कॅन्सरची शंका असेल तर ती फेडायची सोपी तपासणी आहे. तीस वर्षांपुढच्या बाईच्या गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. डाग दिसला तरी पुढे दुर्बिणीतून तपासणी असते, गरज पडल्यास तुकडा तपासायला जातो. कॅन्सरपूर्व बदल असले तर तेवढा भाग गोठवून किंवा उष्णता देऊन काढता येतो.

लाल जास्त जात असेल तर आधी गरोदरपणाची चाचणी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी. पंचेचाळीसच्या पुढे असेल तर अस्तराचा तुकडाही तपासायला हवा. पाळी बंद झाल्यावर एक थेंब जरी लाल गेलं तरी तपासणी लांबवायची नाही. या तपासण्या झाल्या की औषधं. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, हॉर्मोनच्या गोळ्या, किंवा पाच वर्षं आणि त्याहूनही जास्त चालणारी हॉर्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली बिनहॉर्मोनची गोळी आशाताईंकडे ‘छाया’ नावाने मिळते. ती गर्भनिरोधक म्हणून वाटली जाते, पण जास्त रक्तस्रावावरही उपयोगी पडते. त्यासाठी पहिले बारा आठवडे आठवड्यातून दोनदा आणि पुढचे बारा आठवडे एकदा, अशी ती देतात. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय सुरू करू नये, कारण बीजकोशात (अंडाशयात) गाठी असतील किंवा नुकतीच कावीळ झालेली असेल तर ती चालत नाही. हिने पाळी लांबते. हे आधी सांगितलेलं नसलं की बाई घाबरून दुसऱ्याच महिन्यात गोळी बंद करते, आणि केसपेपरवर ‘औषधांना दाद नाही’ असा शेरा पडतो.

ऑपरेशन लागतंच अशाही बायका आहेत. कॅन्सर, औषधांना न जुमानणाऱ्या मोठ्या गाठी, पूर्ण बाहेर आलेलं अंग, बाळंतपणात न थांबणारा रक्तस्राव, अशा वेळी टाळाटाळ जिवावर बेतते. मात्र तेव्हाही बीजकोश ठेवणार की काढणार हे वेगळं विचारलंच पाहिजे. पस्तिशीतल्या बाईचे दोन्ही बीजकोश गेले तर पाळी बंद होण्याचे सगळे परिणाम एकदम अंगावर येतात. अंगातून वाफा, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा वाढलेला धोका. बीजकोश ठेवले तरी ते काही वर्षं लवकर थकू शकतात. शिवाय ऑपरेशननंतर किमान सहा आठवडे जड उचलायचं नसतं. हंगामाच्या तोंडावर ऑपरेशन करून पंधरा दिवसांत मोळ्या उचलायला गेलं की टाके सुटतात, हर्निया होतो.

संमतीपत्रावर काय काढणार ते अवयवाच्या नावानिशी लिहिलेलं असावं. 2008 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तपासणीसाठी दिलेली संमती अवयव काढण्यासाठी चालत नाही आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीने आईची संमतीही पुरत नाही, असं स्पष्ट केलं आहे. कोऱ्या कागदावर नवऱ्याचा अंगठा घेण्याची पद्धत कुठल्याच कायद्यात बसत नाही. केसपेपरच्या प्रती मागितल्यावर 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी.

ऑपरेशन झाल्यावर नातेवाइकांना ट्रेमध्ये पिशवी दाखवतात, ‘बघा किती खराब झाली होती’. काढलेलं कुठलंही गर्भाशय रक्ताळलेलं, लालभडकच दिसतं. त्यावरून रोग ओळखता येत नाही. ती फॉर्मालिनच्या बरणीत घालून पॅथॉलॉजीला गेली का आणि तिचा अहवाल कुठे आहे, हे विचारायला हवं. अहवालात रोगाची खूण नसेल तर ऑपरेशन कशासाठी केलं याचं उत्तर डॉक्टरांना द्यावं लागेल. अहवालच नसेल तर बरणी भरलीच गेली नाही, असं समजायला हरकत नाही.

अनावश्यक गर्भाशय काढण्याविरोधातल्या, चित्तोडगडचे डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या 2013 च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 5 एप्रिल 2023 रोजी निकाल दिला. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना सांगितलं. त्यांत जिल्हा पातळीवरच्या देखरेख समित्या आहेत आणि चाळिशीच्या आतल्या स्त्रियांच्या शस्त्रक्रियांची कारणांसह नोंदही आहे. बीडमध्ये तर खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली गेली. पण परवानगी म्हणजे ऑपरेशनआधीचा कागद, आणि तो हवा तसा भरता येतो. जिल्हा समितीने प्रत्येक शस्त्रक्रियेचा पॅथॉलॉजी अहवाल मागवावा, रुग्णालयनिहाय आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर करावेत, आणि शेजारच्या जिल्ह्यांत जाऊन केलेल्या शस्त्रक्रियाही बाईच्या मूळ गावाच्या नावे मोजाव्यात. बीडमध्ये कडक झालं तर गाडी शेजारच्या जिल्ह्यात जाते, आणि बीडचा आकडा खाली आलेला दिसतो.

— ऊसतोड महिलांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या काही डॉक्टर आणि कार्यकर्त्या, बीड