बोटीच्या सीटांबद्दल खरं खरं

पैठण,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

मागच्या तिन्ही फोनला तू विचारलंस, "बोट कशी आहे?" आणि तिन्ही वेळा मी म्हणालो, "एकदम झकास." खोटं बोललो. फोनवर जीभ वळंना, म्हणून हे पत्र लिहायलो.

बोटीच्या सीटांना बुरा चढला होता. थोडाथोडका नाही. लोणच्याच्या बरणीवर येतो तसला पांढरट थर आणि त्यात मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके. शिलाईच्या कडेकडेनं तर ठिपक्यांची ओळच लागलेली. पोळ्याच्या आठवड्यात ताडपत्रीची गाठ सोडली, तर आतून भिजलेल्या गोणपाटासारखा कुबट वास आला. पांढरं रेक्झिन पाहून आपण भाव वाढवून दिला होता, आठवतं ना? त्या पांढऱ्यावरच सगळं उठून दिसायलं होतं.

चूक माझीच. उन्हाळ्यात गाळपेऱ्यातली, म्हणजे धरणाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळातली, टरबुजांची शेवटची खेप आपल्या बोटीतनंच आणली. दोन टरबुजं फुटली, सीटांवर रस सांडला. घाईघाईनं पाणी मारलं आणि ओल्या सीटांवरच त्या संध्याकाळी ताडपत्री आवळून बांधली. नायलॉनच्या दोरीचे सात वेढे! वारा शिरू नये म्हणून खालची कडही खोचून टाकली. मळ्यात लिंबाखाली ट्रॉलीवर बोट उभी, वरून पाऊस, मधूनच ऊन. दिव्याच्या आवसेला माय कणकेचे दिवे वाफवते ना, तशा आत सीटा वाफवल्या गेल्या. बुरशीला आणखी काय पाहिजे? ओल होती, ऊब होती, कोंडलेली हवा होती आणि खायला टरबुजाचा रस, धूळ, आपल्या घामाचं तेल. शेजारच्या जायकवाडीला 27 दरवाजे आहेत, आणि मी आपल्या बोटीला एकही ठेवला नाही.

वहिनींना एवढ्यात सांगू नको. त्या लातूरच्या. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं त्यांनी पाहिलंय. मराठवाड्यात ओलीनं वस्तू नासली म्हटल्यावर त्या माझी काय किंमत करतील ते मला माहीत आहे.

आता दुसरा गुन्हा. शहाण्या माणसानं आधी विचारलं असतं. मी किराणा दुकानातनं ब्लीचची बाटली आणली आणि पहिल्या गादीवर तशीच ओतली. पाच मिनिटांत ठिपके गायब! मी खूश. लागोपाठ तीन दिवस तेच केलं. चौथ्या दिवशी शिवण चिमटीत धरून जरा ताणली, तर दोरा कुजक्या सुतासारखा तुटला. मागं आपण ती गादी साध्या सुती दोऱ्यानं शिवून घेतली होती, ती अंगाशी आली. वरून रेक्झिनही कोरडं, कडक झालं. त्याला मऊ ठेवणारा जो पदार्थ असतो तोच ब्लीचनं कमी होतो म्हणे. त्याहून वाईट म्हणजे, त्याच बादलीत मी व्हिनेगर घालायला निघालो होतो. पोरगी बारावीला सायन्सला आहे, ती ओरडली, "पप्पा, क्लोरीन निघंल!" बाटली तिनं माझ्या हातातनं हिसकावूनच घेतली. व्हिनेगरच काय, संडास धुवायचं अ‍ॅसिडसुद्धा ब्लीचजवळ न्यायचं नाही. तू तिकडं पुण्यात बाथरूम धुतोस म्हणून मुद्दाम सांगतो.

मग डोकं ठिकाणावर आलं. सगळ्या गाद्या उचलून मळ्यात उघड्यावर नेल्या. बुरा घरात झटकला तर त्याचे कण घरभर उडतात. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. माय ओट्यावरनं विचारायली, "भर उन्हात काय करायलास रे, गाद्यांची पूजा?" आधी ओल्या फडक्यानं वरचा थर टिपून घेतला. मग कोमट पाण्यात भांडी घासायचा लिक्विड साबण आणि कपड्यांचा मऊ ब्रश. तारेची घासणी मुळीच लावली नाही. तिनं रेक्झिनवर बारीक ओरखडे पडतात आणि पुढच्या खेपेला बुरशी त्याच ओरखड्यांत घर करते. नंतर व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, फवाऱ्याच्या बाटलीतनं. आधी गादीच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी मारून पाहिलं. रंग गेला नाही, मग सगळीकडं मारलं आणि अर्धा तास तसंच राहू दिलं. शिलाईतल्या ठिपक्यांना खायच्या सोड्याचा घट्ट लेप आणि जुना टूथब्रश. शिलाईच्या एकेका भोकात तो काळेपणा बसलेला. एका गादीच्या चार कडांना माझी अख्खी दुपार गेली. शेवटी साध्या पाण्यानं दोनदा पुसून सावलीत, वाऱ्याला उभ्या केल्या. रेक्झिनला फार दिवस ऊन दाखवलं की ते तडकतं, आणि आपली ऑक्टोबरची उन्हं तुला माहीतच आहेत.

चार गाद्या निघाल्या चांगल्या. दोन मात्र वाळल्यावरही वास मारायल्या. उलट्या करून स्क्रूड्रायव्हरनं पिना उपटल्या आणि रेक्झिन सोलून काढलं. आतला फोम हातात घेतला तर भिजलेल्या पोत्यागत जड. पिळला, तर चहाच्या गाळासारखं पाणी आलं. खालचा प्लाय कोपऱ्यात चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा सुटून आला. असा फोम धुऊन उपयोग नसतो. वरून वाळतो, पोटात ओल धरून राहतो. दोन्ही फेकून दिले. गादीवाल्याकडनं 40 डेन्सिटीचा नवा फोम कापून घेतला. प्लाय 710 ग्रेडचा मरीनच, म्हणजे पाण्यात टिकणारा घेतला, त्याला पाणी निथळायला खालून भोकं पाडली. पिना स्टेनलेसच्या, दोरा पॉलिस्टरचा. खर्च सगळा माझा. हिशेब मागू नको.

आता राहिलं मागचं लांब सीट, तू पाय पसरून झोपतोस ते. त्यावर तळहाताएवढा गुलाबी डाग आहे. दोन संध्याकाळी घासला. साबण झाला, सोडा झाला, व्हिनेगर झालं, डाग जागचा हलला नाही. ती घाण वरची नाहीच. रेक्झिनच्या मागच्या अस्तरात सूक्ष्म जीव वाढतात, ते रंग सोडतात, आणि तो रंग रेक्झिनमधल्या त्या मऊ ठेवणाऱ्या पदार्थात विरघळून आतनं वर येतो. वरून जन्मभर घासलं तरी जात नाही. कव्हरच बदलावं लागतं. ते मी अजून बदललेलं नाही. तुझी जागा आहे, तुला न विचारता कशी फाडू?

बाकी व्यवस्था आता बदलली आहे. बोटीवर मधोमध आडवा बांबू टाकून ताडपत्री उतरती केली, दोन्ही टोकं उघडी. गाद्या आडव्या नाहीत, कडेवर उभ्या. पुढच्या पावसाळ्यात त्या सरळ घरात, दिवाणावर. मायनं आत्ताच कुरकुर सुरू केली आहे की पाहुण्यांनी बसायचं कुठं.

दिवाळीला येशील तेव्हा तिकडनं तीन मीटर मरीनचं रेक्झिन घेऊन ये, इथं स्कूटरच्या सीटांचंच मिळतं. रंग तू ठरव. फक्त पांढरा नको.

मायचा आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुझा,
गजा