जुने भाग आधी पूर्ण पाहा

महोदय,

टीव्हीवरची प्रहसने पूर्वी विनोदी होती, आता नुसता आरडाओरडा उरला आहे, असे काहीजण म्हणतात. ती कधीच विनोदी नव्हती, आपण तेव्हा तरुण होतो म्हणून हसलो, असे दुसरे म्हणतात. मला दोन्ही पटत नाही. जुने भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहून बोलणारे फार थोडे. बाकीच्यांसमोर असतात त्या निवडून काढलेल्या चार-पाच मिनिटांच्या चित्रफिती, आणि त्यांची तुलना होते आजच्या अख्ख्या भागाशी.

अमेरिकेतला प्रहसनांचा कार्यक्रम 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' ११ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाला आणि पन्नास वर्षे उलटली तरी चालू आहे. त्याची पहिली वर्षे म्हणजे सुवर्णकाळ, असे सर्रास सांगितले जाते. पण पहिलाच भाग घ्या. पाहुणे सूत्रधार, विनोदवीर जॉर्ज कार्लिन प्रहसनांत नव्हतेच, ते एकटे उभे राहून बोलले. जिम हेन्सन यांच्या बाहुल्यांचा एक तुकडा होता, तो प्रकार पुढे बंदच झाला. त्या भागात मला सर्वांत जास्त हसवले ते विनोदवीर अँडी कॉफमनने, आणि ते स्किट, म्हणजे छोटे प्रहसनही नव्हते. रेकॉर्ड प्लेअरवर 'मायटी माउस'चे गाणे लागलेले, शेजारी हा अवघडून उभा. एक ठराविक ओळ आली की तेवढ्यावर ऐटीत ओठ हलवायचे, पुन्हा गप्प. बराच वेळ काही घडतच नाही, आणि त्या वाट पाहण्यातच हसू फुटते. हा विनोद आजही ताजा आहे.

सगळेच स्किट का रंगत नाहीत, हे या कार्यक्रमाच्या आठवड्याच्या वेळापत्रकात दिसते. सोमवारी कल्पना मांडायच्या, मंगळवारची रात्र जागून लिहायचे, बुधवारी सर्वांसमोर वाचन. शनिवारी रात्री आठला प्रेक्षकांपुढे रंगीत तालीम, तिथे पडलेले काढून टाकायचे आणि साडेअकराला थेट प्रक्षेपण. मधल्या वेळात संवाद बदलतात, म्हणून नट कॅमेऱ्याशेजारी धरलेल्या फलकांवरून वाचतात. समोरच्या पात्राशी कडाक्याचे भांडण चालू असतानाही नजर बाजूला जाते ती त्यामुळेच. दीड तास अशा घाईत भरायचा तर काही स्किट फसणारच. १९७५ मध्येही फसत होते.

शेवट कसा करायचा, ही तर प्रहसनाची जुनी दुखरी नस. बीबीसीवरच्या 'माँटी पायथन' या प्रहसनांच्या मालिकेने शेवटचा पंच, म्हणजे हशा पिकवणारी अखेरची ओळ, बऱ्याचदा सरळ टाळलाच. प्रसंग मध्येच सोडून टेरी गिलियम यांच्या हलत्या कातरचित्रांवरून पुढच्यावर उडी. १९६९ ते १९७४ या काळात ४५ भाग झाले आणि मंडळी थांबली.

न थांबणाऱ्यांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. एकदा चाललेले पात्र पुन्हा पुन्हा आणले जाते. मग ते दारात दिसताच टाळ्या पडतात, काही बोलायच्या आत. ओळख पटल्याचा तो आनंद आहे, त्याला हसणे म्हणणे मला मान्य नाही. लांबलेले कार्यक्रम कंटाळवाणे होतात ते इथे.

तरी त्यांत अस्सल काही नव्हतेच, असे म्हणणाऱ्यांनी 'द कॅरल बर्नेट शो' या जुन्या अमेरिकी कार्यक्रमातला दंतवैद्य पाहावा. टिम कॉनवे बधिर करण्याची सुई चुकून स्वतःच्याच हाताला टोचून घेतो, मग पायाला, आणि निर्जीव हात लोंबकळत ठेवून दात काढायला निघतो. खुर्चीतला हार्वी कॉर्मन हसू दाबायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न करतो. भाषा कळली नाही तरी माणूस हसतो.

आपल्या पुरवणीत अशा कार्यक्रमांवर लेख छापताना लेखकाने निदान एक जुना भाग, त्यातल्या पडलेल्या स्किटसकट, पूर्ण पाहिलेला असावा, एवढी विनंती.

– एक वाचक