सर्वांच्या मागून येणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपली सायकल मोहीम सुखरूप पार पडल्यावर गटातील सर्वांनी पुढे चालणाऱ्या मार्गप्रमुखांचे आभार मानले, आणि ते उचितच होते. मात्र ऑस्ट्रियातील लांदेकपासून इन नदीच्या खोऱ्याने वर चढत रेशेन खिंड, तेथून इटलीतील व्हाल व्हेनोस्ताचे खोरे, मग स्टेल्व्हिओचा घाट आणि शेवटी स्वित्झर्लंड, हा सारा प्रवास कमीअधिक ताकदीच्या सायकलस्वारांना एकत्र करता आला, याचे मोठे श्रेय आपले आहे. गटातील शेवटची सायकल कायम आपलीच असे, आणि आपल्या मागे कोणी राहणार नाही याची खात्री असल्यामुळेच पुढच्यांना निर्धास्तपणे पेडल मारता आले. हे काम सहसा कोणाच्या नजरेत येत नाही, म्हणून हे आभार जाहीरपणे मानावेसे वाटले.

निघण्यापूर्वीच आपण प्रत्येकाला स्वतःच्या सायकलचा एक जादा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर सायकलच्या सांगाड्याला जोडणारा छोटा धातूचा तुकडा) बरोबर घ्यायला सांगितले होते. ट्यूब, चेनची जोडकडी, ब्रेकचे पॅड या वस्तू एकमेकांना देता येतात. हँगर मात्र प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि डोंगरातल्या गावात तो मिळेलच असे नाही. त्राफोई गावात विसाव्याला थांबलो असताना भिंतीला टेकवलेली एका मुलीची सायकल उजव्या बाजूवर पडली आणि तिचा हँगर आत वाकला. तशीच ती चढावर नेऊन सर्वांत हलका गिअर टाकला असता, तर डिरेलर स्पोकमध्ये अडकून चाकच निकामी झाले असते. आपण ते नेमके हेरले, रस्त्याच्या कडेला बसून हँगर बदलला, गिअरची तार पुन्हा जुळवली आणि त्या मुलीला दोन फेऱ्या मारायला लावूनच पुढे सोडले.

स्टेल्व्हिओच्या चढाबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. प्रातो हे पायथ्याचे गाव सुमारे ९०० मीटर उंचीवर, तर खिंड २७५७ मीटरवर. मधले अंतर जेमतेम २५ किलोमीटर. इतक्या चढावर नवख्यांचा धीर सुटतो तो बहुधा अंदाज चुकल्यामुळे. हा रस्ता अभियंता कार्लो दोनेगानी यांनी ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी आखला आणि तो १८२५ मध्ये पूर्ण झाला. घोडागाड्यांना झेपावा अशा बेताने बांधलेला असल्यामुळे त्याचा चढ बराचसा एकसारखा, सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे एक लय धरली की ती शेवटपर्यंत टिकवता येते, हे आपण आदल्या रात्री शांतपणे समजावून सांगितले. १९५३ च्या जिरो दितालिया या इटलीतील सायकल शर्यतीत फाउस्तो कोप्पी यांनी याच चढावर ह्युगो कोब्लेट यांना मागे टाकले होते, या आठवणीने आमच्यातल्या काहींना चेव आला होता. त्यांनाही आपण नाउमेद केले नाही, फक्त पहिला तासभर बोलता येईल इतक्याच वेगाने चालवा, एवढे सांगितले.

चढावरील फ्रान्झेन्सह्योए या ठिकाणाहून वरची सारी वळणे एकदम दिसतात, आणि तेथे आमच्यातला एक तरुण पार खचला. ‘आता थोडेच राहिले’ असे खोटे आश्वासन आपण त्याला दिले नाही. या बाजूच्या ४८ वळणांवर आकडे लिहिलेले आहेत आणि ते वर जाताना उतरत एकपर्यंत येतात. प्रत्येक वळणावरचा आकडा त्याला मोठ्याने वाचायला सांगत आपण त्याच्याच संथ गतीने मागून येत राहिलात. स्वतःच्या ताकदीपेक्षा इतके हळू चालवणे किती कठीण असते, हे चढावर सायकल चालवणाऱ्यालाच कळेल. दुसऱ्या एका सोबत्याचे ओठ थंडीने निळसर होऊन तो कापू लागला, तेव्हा त्याला आमच्या सामानाच्या गाडीत बसवण्याचा निर्णय आपण क्षणात घेतला, आणि कमीपणा वाटू नये म्हणून पुढच्या थांब्यावर गरम पेयाची व्यवस्था पाहण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. माझ्या मते संपूर्ण मोहिमेतील हा सर्वांत मोलाचा निर्णय होता.

खिंडीवरून बोर्मिओच्या दिशेने थोडे उतरले की उम्ब्राइल खिंडीचा फाटा लागतो आणि तेथेच स्वित्झर्लंडची हद्द सुरू होते. स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेन या युरोपातील खुल्या सीमांच्या व्यवस्थेत असल्यामुळे एरवी तेथे प्रवाशांना थांबवत नाहीत. तरी तपासणी केव्हाही होऊ शकते, म्हणून पासपोर्ट सामानाच्या गाडीत न ठेवता जलरोधक पाकिटात अंगावरच ठेवण्याचा आपला आग्रह होता. सायकलस्वार एका देशात आणि त्याची कागदपत्रे दुसऱ्या देशात, अशी वेळ त्यामुळे कोणावरही आली नाही. विम्याच्या कागदावर तिन्ही देशांचा उल्लेख आहे की नाही, हेही आपण एकेकाचे तपासले होते.

उम्ब्राइलवरून स्वित्झर्लंडमधील सांता मारिया गावापर्यंत अकराशे मीटरहून अधिक उतार आहे. चढताना घामाने भिजलेले अंग उतारावर झपाट्याने गारठते, म्हणून माथ्यावरच कोरडा बनियन, वर वारारोधक जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घातल्याशिवाय आपण कोणालाही निघू दिले नाही. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास रिम किंवा डिस्क तापते, म्हणून वळणाआधी ठामपणे दाबावा आणि वळणात शिरताना सैल सोडावा, हे आपण सपाटीवरच सर्वांकडून घोटून घेतले होते. त्या शिकवणीमुळे एकही सायकल घसरली नाही.

पुढील मोहिमेत आमच्यापैकी दोघेजण मागे राहण्याची जबाबदारी आळीपाळीने घेणार आहेत. आपल्या अवजारांच्या पिशवीत काय काय असते, आणि थकलेल्या माणसाला गाडीत बसवण्याची वेळ आली हे आपण कोणत्या खुणांवरून ओळखता, हे सवडीने लिहून पाठवावे, ही नम्र विनंती.

आपले ऋणी,
मोहिमेतील सर्व सहप्रवासी